तीन कोटेशन, तीन आकडे: अंगणातल्या लॉनचं काम कोणाला द्यावं?

विचारलेला प्रश्न असा आहे: नव्या घराभोवती साधारण 1500 चौरस फूट मोकळी जागा आहे. त्यातल्या 1000 चौरस फुटांवर लॉन आणि कडेने झाडं लावायची आहेत. तीन जणांकडून कोटेशन घेतली, तर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यांत दुपटीहून अधिक फरक निघाला. स्वस्तवाला म्हणतो, पंधरा दिवसांत हिरवंगार करून देतो, वर तीन महिने देखभाल फुकट. काम कोणाला द्यावं, पुढची देखभाल त्याच्याकडेच ठेवावी का, आणि कोपऱ्यातल्या जुन्या मोठ्या झाडाखाली लॉन येईल का?

बागा उभारणं आणि पुढे त्या सांभाळणं, ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करतो आहे. बिघडलेली लॉन दुरुस्त करायला बोलावणी येतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी गवत चांगलंच असतं. दोष त्याच्याखालच्या सहा इंचांत असतो. तुमच्या तीन आकड्यांतला फरकही मला तिथेच दिसतो आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हिशेब साधा आहे. 1000 चौरस फुटांवर सहा इंच चांगली माती टाकायची तर 500 घनफूट माती लागते. चार इंच टाकली तर 333 आणि दोनच इंच टाकली तर 167 घनफूट. लॉनचं काम म्हटलं की मातीची खरेदी, वाहतूक आणि ती पसरायची मजुरी हाच खर्चाचा मोठा भाग असतो. दोन इंचवाला सहा इंचवाल्यापेक्षा स्वस्त असणारच. वर गवताच्या गाद्या अंथरल्या की दोन इंच आणि सहा इंच दिसायला सारखेच. तयार गादी आपल्या मुळांसोबतची माती घेऊन येते आणि रोज पाणी मिळालं तर पहिले काही आठवडे तेवढ्यावरही ताजी दिसते. मुळांना खाली जायला जागा नाही हे पहिल्या कडक उन्हात किंवा पहिल्या मोठ्या पावसात कळतं. तोवर ‘तीन महिने फुकट’ संपलेले असतात.

म्हणून तिघांनाही परत फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: माती किती इंच टाकणार आणि त्याआधी खालची जमीन किती खोल खणणार? ‘माती भरणे व लॉन लावणे, एकूण इतके’ अशी एकच ओळ असलेलं कोटेशन परत पाठवा. खणाई, राडारोडा बाहेर नेणं, माती, खत, लॉन, झाडं आणि पाण्याची व्यवस्था यांचे वेगवेगळे आकडे मागा, प्रत्येकाचं मोजमापही मागा. हे मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून पुढे पैशांवरून कटकट होणार असं समजा. नीट काम करणाऱ्याकडे हे आकडे तयार असतात, कारण त्याशिवाय त्याला स्वतःलाच दर काढता येत नाही.

बांधकाम नुकतंच संपलेल्या घराभोवती खणाईचा मुद्दा जास्तच महत्त्वाचा. तिथे ट्रक फिरलेले असतात, खडी-वाळूचे ढीग पडलेले असतात, सिमेंट कालवलेलं असतं. जमीन दगडासारखी दबलेली असते आणि सिमेंट-चुन्यामुळे तिचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) चढलेला असतो. लॉनला साधारण 6 ते 7 सामू मानवतो. अशा दबलेल्या थरावर कितीही चांगली माती ओतली, तरी पाणी दोन्ही थरांच्या सीमेवर अडतं आणि मुळं तिथेच कुजतात. आधी राडा उचलायचा, मग खालची जमीन निदान सहा-आठ इंच सैल करायची, त्यात कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळायचं आणि मगच वरची माती. टाकलेली माती पाणी मारल्यावर खाली बसते, हेही धरून चालायचं. गादी अंथरण्याआधी एकदा तरी पाणी मारून, रोलर फिरवून खड्डे परत भरून घ्यावे लागतात. पंधरा दिवसांच्या वायद्यात हे सगळं बसतं का, ते त्या गृहस्थांना विचारून बघा.

पाण्याचा निचरा तुम्ही स्वतःच तपासू शकता. अंगणात दोन-तीन ठिकाणी फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरून तासाभराने पट्टीने मोजा. पातळी तासाला इंचभरही उतरत नसेल तर नुसती माती भरून भागणार नाही, पाणी बाहेर काढायची काही तरी सोय करावी लागेल. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला हवा. दर दहा फुटांना सुमारे अडीच इंच पुरतो, डोळ्यांना तो जाणवतही नाही. पण तो पाणसळ किंवा लेव्हल पाइप लावूनच काढायला हवा, अंदाजाने नाही. जागा बघायला आलेल्या माणसाने पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे विचारलं नाही, तर मला तिथेच शंका येते.

जागा बघायला येण्यावरून माणूस बराचसा ओळखता येतो. फोटो मागवून, चौरस फुटाचा दर लावून कोटेशन देणाऱ्याला मी माझं अंगण देणार नाही. जाणकार माणूस आल्या आल्या ऊन कुठून येतं हे बघतो, भिंतीची सावली किती वाजता कुठवर सरकते ते विचारतो, मुठीत माती घेऊन दाबून बघतो, नळाचा दाब पाहतो. घरात लहान मुलं आहेत का, कुत्रा आहे का, दर आठवड्याला बागेला किती वेळ देता येईल, हे प्रश्न त्याच्याकडून यायला हवेत. चांगला कंत्राटदार एखाद्या गोष्टीला सरळ नाहीही म्हणतो. ‘या पट्ट्यात चार तासही ऊन नाही, इथे लॉन लावू नका’ असं सांगणारा माणूस स्वतःचं काम कमी करून तुमचं नुकसान वाचवतो आहे.

पाण्याचंही आधीच बोलून घ्या. रुजलेल्या लॉनला वाढीच्या दिवसांत आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी लागतं, पावसाचं धरून. 1000 चौरस फुटांना ते 2300 लिटरच्या आसपास होतं आणि कडक उन्हाळ्यात गरज याहूनही वाढते. एवढं पाणी बारा महिने मिळणार नसेल तर लॉन 400 चौरस फुटांवर आणा आणि बाकी जागेत कमी पाण्यावर टिकणारी झुडपं, फरसबंदी, वाळू-गोट्यांची वाट करा. छोटं आणि दाट लॉन मोठ्या विरळ लॉनपेक्षा केव्हाही चांगलं दिसतं. हा सल्ला कंत्राटदाराकडून आपणहून येणं अवघड आहे, म्हणून मी देतो आहे.

आता माती कुठून आणणार हा प्रश्न. यावर मी थोडा अडून बसतो, कारण लव्हाळा. बाहेरून आणलेल्या मातीतून येणारं हे सगळ्यात चिवट तण. त्याची पानं गवतासारखीच दिसतात, पण दांडा हाताने चाचपला तर तीन धारांचा लागतो आणि लॉन कापल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचे शेंडे बाकी गवताच्या वर निघालेले असतात. जमिनीखाली त्याच्या काळ्या-तपकिरी गाठी बारीक मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरून उपटलं की पात हातात येते, गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते. माती उकरायचं रोटर यंत्र फिरवलं तर गाठी सुट्या होऊन सगळीकडे पसरतात. एकदा लॉनमध्ये शिरला की वर्षानुवर्षं त्याच्याशी झगडावं लागतं. म्हणून मातीचा ढीग पसरण्याआधी चार ठिकाणी खुरप्याने उकरून बघा. गाठी दिसल्या तर माती परत पाठवायची, आणि ‘लव्हाळ्याच्या गाठी असलेली माती घेतली जाणार नाही’ हे वाक्य करारात आधीच लिहायचं. वेळ असेल तर माती पसरून, पाणी मारून दोन-तीन आठवडे तशीच ठेवा. जे उगवायचं ते उगवू द्या, मुळासकट काढा आणि मग लॉन लावा. घाई असलेल्यांना हे पटत नाही, पण पुढची कित्येक खुरपणं यातून वाचतात.

कच्चं शेणखत हीसुद्धा तणाची आणि हुमणीची (मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीची) वाटच. नीट कुजलेलं खत हातात घेतल्यावर भुरभुरतं आणि त्याला मातीचा वास येतो. शेणाचा वास येत असेल तर ते घेऊ नका.

संदर्भ म्हणून फोटो दाखवले जातात, त्यांच्यावर मी फारसं जात नाही. नव्या लॉनचा फोटो कोणाचाही सुंदरच येतो. दोन वर्षांपूर्वी केलेलं एखादं अंगण दाखवायला सांगा आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन बघा. तिथे झाडं एकमेकांत घुसली आहेत का हे पाहा. अंगण पहिल्याच दिवशी भरलेलं दिसावं म्हणून दाटीने लावलेली झाडं दोन वर्षांत एकमेकांची सावली करतात. पाणी कुठे साचल्याच्या खुणा आहेत का, लॉनच्या कडा सरळ आहेत का, हेही दिसेल. याहून सोपा उपाय म्हणजे आपल्याच भागात संध्याकाळी फेरी मारा, ज्यांची बाग जुनी आणि निरोगी दिसते त्यांना विचारा की काम कोण करतं. इंटरनेटवरचे बरेचसे अभिप्राय काम संपलं त्याच आठवड्यात लिहिलेले असतात. नंतर काही बिघडलं तेव्हा तो माणूस आला का, हे ज्यात लिहिलं आहे तेवढेच वाचा. जवळचा माणूस निवडण्याचा मोठा फायदाही हाच. त्याला तिथली माती आणि हंगाम माहीत असतो, आणि ऐन उन्हाळ्यात स्प्रिंकलर बंद पडला तर तो दोन दिवसांत येऊ शकतो.

झाडांची यादी नावानिशी घ्या: कोणतं झाड, किती नग, केवढी पिशवी, पूर्ण वाढल्यावर किती रुंद होतं. ‘शोभेची झाडं 40 नग’ याला काही अर्थ नाही. झाडं उतरवली की एक-दोन पिशव्या सोडवून मुळं बघा. मुळांनी आतल्या आत गोल वेटोळे घातले असतील तर ती सोडवून किंवा कापूनच लावावी लागतात, नाहीतर झाड वर्षानुवर्षं तसंच खुरटं राहतं. लावताना बुंधा जिथे मुळांकडे पसरायला लागतो तो भाग जमिनीच्या वर दिसायला हवा. खोल गाडलेलं झाड लगेच मरत नाही, म्हणूनच हमीच्या मुदतीत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

पैसे टप्प्यांनी द्या. साहित्यापुरती उचल, माती-उतार झाल्यावर एक हप्ता, लॉन लागल्यावर एक, आणि शेवटचे 15-20 टक्के लॉन मुळं धरल्यावर. करारात ‘लॉन अंथरण्याआधी मालकाला बोलवणे’ ही अट ठेवा. त्या दिवशी पट्टी किंवा खुणा केलेली सळई घेऊन आठ-दहा ठिकाणी मातीची खोली मोजा. गाद्या आल्या त्याच दिवशी लावल्या जाव्यात, कारण गुंडाळून ठेवलेली गादी आतून तापते आणि पिवळी पडते. मुळं धरली का हे दोन-तीन आठवड्यांनी बघायचं: गादीचा कोपरा चिमटीत धरून हलकेच वर ओढा. जमिनीला घट्ट लागला असेल तर मुळं उतरली, शेवटचा हप्ता द्या. सहज उचलला गेला तर अजून थांबा. खणाई सुरू व्हायच्या आधी मात्र पाण्याची, सांडपाण्याची आणि विजेची लाइन कुठून जाते हे तुम्ही दाखवायचं, ती जबाबदारी तुमची.

आता देखभाल. ती त्याच माणसाकडे ठेवायला माझी हरकत नाही, उलट पहिलं वर्ष तरी ठेवावी. म्हणजे लॉन बिघडलं तर लावणारा आणि सांभाळणारा एकमेकांकडे बोट दाखवत नाहीत. पण करार वेगळा करा आणि ‘फुकट’ देखभालीत नेमकं काय येतं ते लिहून घ्या. बऱ्याचदा महिन्यातून एकदा येऊन मशीन फिरवणं एवढंच त्यात असतं. पुढे एवढ्या अंगणाला स्वतःचं मशीन असलेला चांगला माळी पुरतो, मोठ्या संस्थेची गरज नाही.

‘महिन्याला दोन कटिंग’ अशी अट कधीच घालू नका. गवत कॅलेंडर बघून वाढत नाही. नियम असा, की एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. लॉन 5 सेंटिमीटरवर ठेवायचं असेल तर ते साडेसात सेंटिमीटर झालं की कापायचं. भर वाढीच्या दिवसांत हे आठवड्याने येईल, वाढ थांबलेली असताना महिनाभरही येणार नाही. बारीक पात्याची हरळी याहून खाली कापलेली चालते, रुंद पात्याच्या जाती जरा उंच ठेवाव्या लागतात. पंधरा दिवस वाढू द्यायचं आणि मग एकदम बुडाशी कापायचं, याने मुळं कमजोर होतात, जमीन उघडी पडते आणि त्या उघड्या जागी तण येतं. करारात फेऱ्यांऐवजी उंची लिहा.

मशीनच्या पात्याला धार आहे का, हे माळ्याला विचारायचीसुद्धा गरज नाही. कटिंगनंतर दुसऱ्या दिवशी वाकून गवताची चार पाती जवळून बघा. धारदार पात्याने कापलेलं टोक सरळ आणि हिरवं असतं. बोथट पात्याने ते फाटतं, त्याचे पांढुरके धागे सुटतात आणि दोन दिवसांत सगळ्या लॉनवर तपकिरी झाक येते. लोक ती पाण्याची कमतरता समजून पाणी वाढवतात आणि मग बुरशी येते. 1830 मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने लॉन कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते सिलिंडरचं यंत्र होतं, कात्रीसारखं कापणारं. बारीक पात्याच्या, खूप खाली ठेवायच्या लॉनला आजही तोच प्रकार उत्तम. घरगुती अंगणात बहुधा फिरत्या पात्याचं मशीन येतं आणि ते पुरेसंही आहे, फक्त धार हवी. दुसऱ्यांच्या अंगणातून आलेलं मशीन सुरू करण्याआधी धुऊन घ्यायला सांगा, तणाचं बी आणि रोग त्यावरूनच येतात. नियमित कापलेल्या लॉनचे बारीक तुकडे तिथेच पडू दिले तर गवताच्या नत्राच्या गरजेचा चांगला वाटा त्यातून भागतो. गोळा करून फेकायची गरज नाही.

खताचं प्रमाणही लिहून मागा. युरियात 46 टक्के नत्र असतं, त्यामुळे 1000 चौरस फुटांना एका वेळी किलोभर पुष्कळ झाला. तो कोरड्या पात्यांवर सारखा पसरून लगेच पाणी द्यायचं, नाहीतर पात्यांवर जळल्याचे डाग पडतात. दर पंधरा दिवसांनी मूठ-मूठ युरिया टाकून लॉन गडद हिरवं दाखवणारे माळी आहेत. त्याने गवत लुसलुशीत होतं, किडीला आवडतं आणि कटिंग वाढतं. वर्षातून एकदा चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर मला यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

फवारणीच्या बाबतीत मात्र ताठ राहा. बाटली दाखवल्याशिवाय आणि कोणत्या किडीवर, कोणत्या तणावर हे सांगितल्याशिवाय काहीही मारू द्यायचं नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक लॉनवर पडलं तर लॉनच मरतं, 2,4-डी हे दुसरं तणनाशक रुंद पानांच्या तणावर चालतं पण वाऱ्याने शेजारच्या टोमॅटो-गुलाबावर गेलं तर त्यांची पानं आकसतात. फुलांवर मधमाश्या असताना फवारणी नको, आणि लेबलवर लिहिलेली वेळ होईपर्यंत मुलांना आणि जनावरांना लॉनवर सोडू नका. पिवळा गोल डाग दिसला की औषध, असं नसतं. आधी गवत ओढून बघावं. सतरंजीसारखं वर आलं आणि खाली पांढऱ्या वळवळत्या अळ्या दिसल्या तर ती हुमणी. मुळं घट्ट असतील तर पाणी, बुरशी किंवा कुत्र्याचं मूत्र यांचा विचार करा.

राहिलं ते कोपऱ्यातलं जुनं झाड. त्याच्याखाली लॉन लावू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. तिथे ऊन कमी पोहोचतं आणि झाड स्वतःच पाणी ओढून घेतं. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे लॉनसाठी तिथे सहा इंच माती चढवली तर झाडालाच धोका. मोठ्या झाडाची बरीचशी मुळं वरच्या फूट-दोन फुटांत पसरलेली असतात आणि त्यांना हवा लागते. त्यांच्यावर भराव घातला किंवा तिथे खोल खणाई केली, तर झाड दोन-चार वर्षांत शेंड्याकडून वाळत जातं आणि तोवर कारण कोणाच्या ध्यानातही राहत नाही. फांद्यांच्या घेराखालची जमीन आहे त्याच पातळीला ठेवा, त्यावर दोन-तीन इंच पालापाचोळा अंथरा, पण तो बुंध्याला टेकवू नका. नायलॉन दोरीचं गवत कापायचं मशीन कोणत्याही बुंध्याजवळ नेऊ देऊ नका. त्याने साल सोलली जाते आणि लहान झाड असेल तर तेवढ्यानेच मरतं. थोडं हिरवं हवंच असेल तर सावलीत वाढणारी झाडं मुळांच्या मधल्या जागेत छोटे खड्डे घेऊन लावा. आणि ‘छाटणी’ म्हणून कोणी वरचा शेंडाच उडवायचं म्हणाला तर त्याला त्या झाडावर चढू देऊ नका. वाळलेल्या फांद्या काढायच्या असतील तर त्या फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून कापायच्या, आणि त्यासाठी झाडांवर काम करणारा वेगळा, दोर-पट्टा वापरणारा माणूस बोलवा. लॉनच्या कोटेशनमध्ये हे काम घुसवलेलं असेल तर ते काढून टाकायला सांगा.